विजेच्या बिलाबद्दल आई-बाबांना पत्र

कोल्हापूर, रविवार

तीर्थरूप आई आणि बाबा यांस शिरसाष्टांग नमस्कार.

बुधवारी संध्याकाळी लाईनमन येऊन खांबावरची वायर पुन्हा जोडून गेला, हे आईने कळवले आणि जीव भांड्यात पडला. त्यानंतर फोनवर आपण दोनदा बोललो, पण दोन्ही वेळा बाबांनी विषय भाताच्या मळणीवर नेला. मीही तो तसाच जाऊ दिला, कारण समोरासमोर नसताना अशा गोष्टी बोलताना आवाज चढतो आणि मग मुद्दा राहून जातो. म्हणून हे पत्र लिहीत आहे. बाबा, तुम्ही ते एकट्याने वाचून आत ठेवू नका, आईलाही वाचून दाखवा.

आपल्या घरचे कनेक्शन तोडले आहे ही गोष्ट मला तुमच्याकडून कळली नाही. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या काकूंनी नवव्या दिवशी मला फोन केला आणि 'माझे नाव सांगू नकोस' असेही बजावले. तरीही मी त्यांचे नाव काढते आहे, कारण त्यांचा राग धरण्यासारखे त्यांनी काही केलेले नाही. आईच्या इन्सुलिनच्या बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून, मडक्यात घालून, ते मडके माजघरातल्या तांदळाच्या कणगीमागे ठेवले आहे आणि फडके वाळले की आई रात्री उठून ते पुन्हा भिजवते, हे त्यांनी सांगितले तेव्हा मला खुर्चीवरून उठवेना. बंद बाटली फ्रीजमध्ये दोन ते आठ अंशांत ठेवायची असते आणि उघडलेली बाहेर साधारण महिनाभर चालते, हे डॉक्टरांनी मेमध्ये आपल्या तिघांच्या देखत सांगितले होते. त्यातल्या दोन बाटल्या बंद होत्या. त्या आता वापरू नका, नव्या मी घेऊन येते.

आता माझी चूक सांगते. ती तुमच्या चुकीच्या आधीची आहे.

कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेचा अर्ज 2023 च्या जूनमध्ये सेवा सिंधू या सरकारी साइटवर मीच भरला होता. त्या रात्री साइट सारखी बंद पडत होती, म्हणून एक वाजेपर्यंत जागून मी तो पुरा केला आणि सकाळी तुम्हाला 'आता दोनशे युनिटपर्यंत बिल माफ' एवढेच सांगितले. एवढेच तर सगळा गाव बोलत होता. पण नियम तेवढाच नव्हता आणि तो मी वाचलेला होता. दोनशे ही वरची मर्यादा आहे, प्रत्येक घराची स्वतःची मर्यादा वेगळी असते. 2022-23 या वर्षात त्या घराने दरमहा सरासरी जितकी वीज वापरली, तीत दहा टक्के मिळवून जो आकडा येतो तेवढीच फुकट, त्यावरच्या युनिटांचे पैसे भरावेच लागतात. आपली सरासरी बावन्न होती, कारण घरात दोन पंखे, चार दिवे आणि टीव्ही यापलीकडे काही नव्हतेच. म्हणजे आपल्याला माफ झाली ती सत्तावन्न युनिटे.

मग मे महिन्यात मी फ्रीज आणून ठेवला आणि पावसाळा लागताना गिझर बसवून दिला. फ्रीजला दिवसाला साधारण एक युनिट लागते आणि दोन किलोवॅटचा गिझर अर्धा तास चालला की आणखी एक. महिन्याला साठ युनिटे वाढली ती या दोन वस्तूंमुळे, आणि या दोन्ही वस्तू मी आणलेल्या. फ्रीज चैनीसाठी नव्हता, तो आईच्या औषधासाठी हवाच होता. पण तो आणताना यापुढे बिल शून्य येणार नाही आणि दर महिन्याला इतके पैसे बाजूला ठेवावे लागतील, हे तुम्हाला सांगणे हे माझेच काम होते. इथे कोल्हापुरात माझे बिल मोबाईलवर मराठीत येते आणि चहा पिता पिता भरून होते. राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडे जी गोष्ट दोन मिनिटांची आहे, ती पलीकडे कानडी बिल येणाऱ्या तुमच्यासाठी तशी नाही, याचा विचार माझ्या मनात आला नाही, आणि त्याची मला खंत आहे.

बाबा, आता तुमच्याकडे वळते. मोठ्या लेकीचा अधिकार समजून ऐकून घ्या.

पहिल्या दोन बिलांचे मी समजू शकते. तुमचे शिक्षण मराठी शाळेतले, आणि शनिवारच्या बाजारात कानडी व्यापाऱ्याशी तासभर भाव करण्याइतकी भाषा तुम्हाला येत असली तरी अक्षर लागत नाही. मीटर रीडर चिठ्ठी हातात देऊन गेला की बिल शून्यच असणार असे धरून तुम्ही ती देवघराशेजारच्या तारेला टोचून ठेवलीत. पण तिसऱ्या महिन्यात त्याने थांबून तुम्हाला रक्कम तोंडी सांगितली होती, हे आईनेच मला सांगितले. त्यानंतरची नोटीस तुम्ही पंचांगात घडी घालून ठेवलीत, भात विकले की एकरकमी भरू असे ठरवलेत आणि लेकीपुढे हात पसरायचा नाही म्हणून गप्प बसलात. पाच महिन्यांची मिळून थकबाकी दोन हजारांच्या थोडी वर गेली होती, बाबा. माझ्या लग्नासाठी काढलेले सोसायटीचे कर्ज मुदतीच्या दोन महिने आधी फेडणारा माणूस एवढ्या रकमेपायी नऊ रात्री अंधारात बसला आणि शेजारीपाजारी मोटार जळाली म्हणून सांगत राहिला.

मला 2009 चा उन्हाळा आठवतो. याच काकूंच्या घरची वीज तोडली होती. काकांचे काम सुटले होते आणि त्यांचा मुलगा दहावीच्या परीक्षेसाठी आपल्या पडवीतल्या दिव्याखाली वाचत बसायचा. आई अकरापर्यंत तो दिवा मालवत नसे आणि तुम्हीही त्याला कधी अडवले नाहीत, हे तुमच्या मनाचे मोठेपण मी विसरलेले नाही. पण जेवताना तुम्ही म्हणाला होतात, 'वीज वापरायची तर बिल भरायला नको? ज्याला जबाबदारी कळत नाही त्याच्या घरी अंधारच व्हायचा.' तेव्हा ते मला पटले होते आणि त्यातला पहिला अर्धा भाग आजही पटतो. वापरलेल्या विजेचे पैसे भरलेच पाहिजेत, आपण भरले नाहीत, म्हणून वीज तोडली गेली, यात मला कोणावर दोष टाकायचा नाही. दुसरा अर्धा भाग मात्र मला आता मान्य नाही. काकांना जबाबदारी कळत नव्हती म्हणून त्यांच्या घरी अंधार झाला नव्हता, आणि तुम्हाला ती कळत नाही असे तर या पंचक्रोशीत कोणी म्हणणार नाही. दोन्ही घरी झाले ते एकच, थकबाकीची लाज वाटून माणसे वेळेवर बोलली नाहीत.

वीज कायदा 2003 मध्ये छप्पन्नावे कलम आहे. बिल थकले तरी लेखी नोटीस देऊन पूर्ण पंधरा दिवस गेल्याशिवाय वीज तोडता येत नाही. बिलाची रक्कमच मान्य नसेल तर हरकत नोंदवून मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यांतली जी कमी असेल ती भरावी, वादाचा निकाल लागेपर्यंत कनेक्शन चालू राहते. आपल्या बाबतीत वाद काहीच नव्हता, पण पंधरा दिवस होते. त्या पंधरा दिवसांत मला एक फोन, सरकारी कामांच्या ग्रामवन केंद्रावर एक फेरी, नाहीतर विजेच्या तक्रारींच्या 1912 या नंबरवर एक विचारणा, यातले काहीही पुरले असते. ऑफिसात जाऊन हप्ते मागता आले असते. ते मिळतातच असे नाही, पण मागण्यात कमीपणा कसला? ते पंधरा दिवस पंचांगात घडी होऊन पडले, याचे मला बिलापेक्षा जास्त वाईट वाटते.

आई, तुलाही एक सांगायचे आहे. 'त्यांना आवडणार नाही' म्हणून तू मला कळवले नाहीस. बाबांचा मान राखावा हे मला मान्य आहे, पण तुझ्या औषधाच्या किमतीवर नाही. यापुढे अशा वेळी तू माझे ऐकायचे, त्यांचे नाही.

पुढची व्यवस्था मी अशी सुचवते, पटली नाही तर बदलू. आपला आर. आर. नंबर, म्हणजे बिलावरचा ग्राहक क्रमांक, माझ्या फोनवर घातलेला आहे, त्यामुळे बिल निघाले की मला दिसेल आणि मी ते त्याच दिवशी भरीन. बाबा, तुम्हाला मुलीचे पैसे नकोत हे मी जाणते, म्हणून हिशेब असा ठेवू की फ्रीज आणि गिझर माझे, त्यांच्या युनिटांचे पैसे मी देणार, आणि त्यावर जे काही येईल ते तुम्ही सुगीला मला द्यायचे. मी ते नाही म्हणणार नाही. दर एक तारखेला मीटरवरचा केडब्ल्यूएच (kWh, म्हणजे युनिट) लिहिलेला आकडा तुम्ही तुमच्या दुधाच्या वहीत टिपायचा. मीटरच्या पडद्यावर आकडे आळीपाळीने बदलतात, केडब्ल्यूएच येईपर्यंत थांबावे लागते. एवढे केलेत तर चिठ्ठी कुठल्याही भाषेत येवो, किती युनिटे वापरली ते ती येण्याआधीच तुम्हाला ठाऊक असेल. थंडीत गिझर बंद करून चूल पेटवू नका, आईच्या गुडघ्यांना सकाळचे गरम पाणी लागतेच.

येत्या शनिवारी सकाळच्या गाडीने निपाणीमार्गे निघते, दुपारच्या जेवणापर्यंत पोहोचेन. तारेला टोचलेली सगळी बिले आणि ती नोटीस काढून ठेवा, तिघे मिळून एकेक वाचू, कानडी मजकूर मी लावून देईन. संध्याकाळी मला काकूंकडे जायचे आहे. बाबा, तुम्हीही बरोबर याल तर मला फार बरे वाटेल.

आपली
थोरली लेक