हात तयार होईपर्यंत

जळगाव
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय सत्या,

फोनच करणार होतो, पण फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याला तोडतोस, विषय तुझ्या त्या ड्रमरवर, नील पर्टवर, नेतोस आणि मग अर्धा तास तूच बोलतोस. आज मला शेवटपर्यंत बोलायचंय, म्हणून पत्र. तब्येती बऱ्या आहेत. माझी शुगर गोळीवर, आईचे गुडघे हवेवर. पुढे.

मनूने गाणी करायची सोडलीत.

सुट्टीत तिने तुला फोनवर ऐकवलेलं गाणं आठवतंय ना, रावेरच्या मामाची केळी वादळात आडवी झाली त्या रात्रीचं? आजीच्या अहिराणीत, तीन कॉर्ड्सवर? ऐकून तू गप्प झाला होतास, आणि तू गप्प होणं म्हणजे काय ते मला आणि सुन्यालाच ठाऊक. त्यानंतर एक ओळ नाही. आता कॉलेजातून आली की खोलीत जाते, मेट्रोनोमची टिकटिक लावते आणि चारही बोटं एकामागून एक गिटारच्या सहाही तारांवर चालवत बसते. रोजचा वेग वहीत लिहिते. परवा पान उघडं होतं. १२० वर काट मारून १२६ केलेलं, आणि खाली लाल पेनाने ‘करंगळी अजून मागे’. तिच्या फोनमध्ये जगभरची पोरं आहेत रे. कुठल्या तरी देशातलं नऊ-दहा वर्षांचं पोरगं हसत हसत असं काही वाजवतं की बघूनच मला धाप लागते. ते बघून ही म्हणते, “पप्पा, आधी हात तयार होऊ दे, मग गाणी करीन.”

सत्या, हे वाक्य कुणाचं आहे?

होस्टेलच्या गच्चीवर वॉचमनचं अलार्मचं घड्याळ शेजारी ठेवून, त्याच्या टिकटिकीवर उशीवर काठ्या मारत तू हेच म्हणायचास. मेसच्या मावशी म्हणायच्या, या पोराच्या धडधडीने माझं दूध नासतं. आपल्या कॉलेजात तुझ्यासारखा हात कुणाचा नव्हता, हे मी तेव्हाही म्हणायचो आणि आजही म्हणतो. पण जेवताना ताटाच्या कडेवर तू बोटांनी जो ठेका धरायचास, ज्याच्यावर माझी ती चाल बसत होती, त्याचं गाणं झालं नाही ते नाहीच. हात तयार व्हायचा होता. गॅदरिंगला आपण दुसऱ्यांची गाणी वाजवली, बिनचूक वाजवली, आणि तू नोकरीला गेलास. रागावशील हे वाचून. रागाव, पण पुढचं वाच.

सुन्याला विचारलं असतं तर त्याने एका वाक्यात निकाल लावला असता, रॉकला हात नाही लागत, छाती लागते. मी मनूला हे सांगणार नाही, कारण ते खरं नाही. सेक्स पिस्टल्सचा बासवाला सिड व्हिशस घे. फोटोत बघावं तर पंक म्हणजे तोच. पण त्यांचा १९७७ चा अल्बम रेकॉर्ड करायची वेळ आली तेव्हा त्यातला बहुतेक बास गिटारिस्ट स्टीव्ह जोन्सने वाजवला. नुसत्या छातीवर ती टेप भरली नसती.

आणि तो दुसरा पंक बँड, रामोन्स! ज्यांच्या कॅसेटवरून तू मला सगळ्या मजल्यासमोर ‘तीन कॉर्डवाला’ म्हणायचास. १९७६ चा पहिला अल्बम, १४ गाणी, २९ मिनिटं. तू म्हणायचास यात वाजवण्यासारखं आहे काय? त्यांच्या गिटारिस्टचा, जॉनी रामोनचा, उजवा हात बघ, असं मी तुला तेव्हाही सांगत होतो. तारा छेडायची ती चकती, पिक, फक्त खाली जाते. वर येताना तारेला शिवायचं नाही, त्या वेगातही नाही, आणि अख्खा कार्यक्रमभर नाही. मागे मनूला करून दाखवायला बसलो तर दुसऱ्या गाण्यातच मनगट भरून आलं, हात आपोआप वर-खाली दोन्हीकडे चालायला लागला आणि त्याबरोबर गाण्यातला सगळा धक्काच गेला. एकच फटका न ढळता तासभर देत राहणं याला तयारीच म्हणतात. ऐकणाऱ्याला ती दिसत नाही, एवढंच.

तेव्हा कौशल्य लागतं, यावर आता तुझं-माझं भांडण नाही. मला छळतंय ते वेगळंच. ते गाण्याच्या आधी येतं, की गाण्याच्या मागून?

बीटल्सचे लेनन आणि मॅकार्टनी शाळकरी वयापासून गाणी करत होते. नोटेशन दोघांनाही वाचता येत नव्हतं. १९६० मध्ये हॅम्बुर्गला गेले ते काही मोठे वादक म्हणून नव्हेत. तिथे क्लबात रात्रीच्या रात्री उभं राहून तासन्‌तास वाजवावं लागलं, समोर दारू प्यायलेली माणसं, आणि त्यात ते घडले. गाणी आधीपासून चालू होती, हात मागून तयार झाला, तोही लोकांसमोर.

ब्लॅक सॅबथच्या गिटारिस्टचं, टोनी आयोमीचं, तर तुलाच पाठ आहे, तूच मला सांगितलेलंस. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, सतराव्या वर्षी, उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. हा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली, आगीत हात भाजल्यावर दोनच बोटांनी सोलो वाजवणाऱ्या माणसाची. मग आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं, हलक्या तारा लावल्या. १९७१ च्या अल्बमात काही गाण्यांना गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवून तारा आणखी सैल केल्या. तो जड, खोल आवाज सगळ्या हेवी मेटलने उचलला. त्या हाताने १२६ च्या वेगाची वाट बघायची ठरवली असती तर? तू म्हणशील, टोप्या करणं, तारा बदलणं हेच कौशल्य. अरे, मग मी काय म्हणतोय? त्याला वाजवायचं होतं ते आधी होतं. हात त्याच्यापुरता त्याने घडवला.

आता आजचं सांगतो. हे तुलाच कळेल, दुसऱ्या कुणाला लिहिण्यात अर्थ नाही.

मनूचा ग्रुप पुढच्या खोलीत जमला होता. भाचा बासवर, आणि अमळनेरकडचा एक पोरगा आहे तो ऑक्टोपॅडवर. लग्नसराईत बँडमध्ये वाजवतो, पॅसेंजरने येतो, पॅड पोत्यात गुंडाळून आणतो. भाच्याने हट्ट धरला होता पिंक फ्लॉइडच्या ‘मनी’चा. १९७३ चं गाणं, सात मात्रांचं. भाचा मोठ्याने मोजतोय वन टू थ्री करत, आणि या पोराचा हात प्रत्येक वेळी सातानंतर आठवी मात्रा भरतोय. बास पुढे निघून जायचा, हा मागे राहायचा. त्याचे कान लाल झाले. भाचा मोबाईलवर दुसऱ्या कुठल्या ड्रमरचा व्हिडिओ लावून त्याच्यासमोर धरायला लागला. मला राहवेना. मी टीपॉयवर बोटांनी नुसतं धरलं, तीं तीं ना, धी ना, धी ना. त्याने मान वर केली. म्हणाला, “काका, हाई ते मना आजा भजनमा वाजाडस!” आणि बसला ना ठेका! बसला म्हणजे नुसते आकडे जुळले असं नाही, डुलायला लागला. मला तुझी आठवण आली ती तिथे.

पण खोटं कशाला सांगू, पुढे अडलं. गिटारच्या सोलोला ते गाणं चारात जातं, तुला माहीतच आहे. चारात गेला तो मजेत, लग्नातला हात आहे. परत सातात यायचं तिथे घसरला. पुन्हा केलं, पुन्हा घसरला. तेवढ्यात गाडीची वेळ झाली, “घरी बसवून आणतो” म्हणाला आणि पोतं उचलून गेला. म्हणजे त्याला शिकावं लागणार आहे, आणि तो शिकेल.

मी बघत होतो ते दुसरंच. मनू गायला लागली की हा हात आखडता घेतो. खालचा एक ठोका आणि मधला एक, बास. ओळ संपून ती श्वास घेते तेवढ्या फटीत एक छोटा रोल, आणि पुन्हा बाजूला. त्याला कुणी शिकवलेलं नाही. वरातीत गाणाऱ्याचा आवाज फाटका असतो, स्पीकर त्याहून फाटका, तिथे शब्द ऐकू आले नाहीत तर पब्लिक नाचत नाही. तिथे कमावलाय तो कान त्याने. रोलिंग स्टोन्सचा ड्रमर चार्ली वॉट्स आठव. मधला ठोका पडताना हाय-हॅटच्या झांजांवरचा हात उचलून घ्यायचा, त्या ठोक्याला जागा मोकळी. त्याच्यापेक्षा वेगाने वाजवणारे गल्लोगल्ली सापडतील, पण स्टोन्सच्या पायाखालची जमीन तो होता.

पोरगा गेल्यावर भाचा त्याला बदलायचं बोलत होता. मनू म्हणाली, “त्याला मोजता येत नाही रे.” थोडं थांबून म्हणाली, “पण तो असला की मला गाता येतं.” एवढं म्हणून खोलीत गेली आणि पुन्हा मेट्रोनोम सुरू. सत्या, जे तिला त्या पोरात दिसतं ते स्वतःत का दिसत नाही?

आईने जेवताना आपल्या पद्धतीने विषय संपवला. “आसोद्याच्या बहिणाबाईने काय आधी क्लास लावला होता?” बरोबर आहे. अक्षरओळख नाही, शेतात आणि जात्यावर सुचेल ते गायचं, घरच्यांनी कधी उतरवून घेतलं तेवढं उरलं, आणि पुस्तक निघालं ते १९५२ मध्ये, त्या गेल्यावर. मनू हसली, म्हणाली, “आजी, बहिणाबाईंना सोलो नव्हता वाजवायचा.” यावर मी तिला निर्वाणा या बँडचं सांगायला हवं होतं. त्यांच्या १९९१ च्या, जगभर गाजलेल्या गाण्यात सोलो म्हणजे गायची चालच जवळपास जशीच्या तशी वाजवलेली आहे. पण मी सांगितलं की बाप सांगतो असं होतं. तिला वाटतं मी तिची समजूत काढतोय.

म्हणून तुझ्याकडे आलोय, आणि तुझ्याच देवाचा दाखला घेऊन आलोय. नील पर्ट रश या बँडमध्ये आला १९७४ ला. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, वीस वर्षांचं नाव पाठीशी असताना, तो ड्रम शिकवणाऱ्या फ्रेडी ग्रूबरकडे शिकायला गेला आणि काठी धरण्यापासून सगळं नव्याने शिकला. हे तू मला किती कौतुकाने सांगायचास! सच्चा कलाकार कसा शिकतच राहतो वगैरे. खरंच आहे ते. पण दुसरी बाजू तू कधी बघितलीस का? तू ज्या अल्बमांवर जीव टाकायचास, गच्चीवर ज्यांचा एकेक रोल बसवायचास, ते सगळे त्या शिकवणीच्या आधीचे आहेत. त्याच्या मते तयार नसलेल्या हाताने केलेले. तो थांबला असता तर आपल्याकडे गच्चीवर वाजवायला काय उरलं असतं?

हे तिला तू सांग. माझ्या तोंडून ती ऐकणार नाही, तुझं ऐकेल, कारण तुझा हात तिने बघितलाय. मेट्रोनोम बंद कर असं मुळीच सांगू नकोस. करंगळी मागे आहे तर ती पुढे यायलाच हवी, त्या मेहनतीचा मला अभिमान आहे. फक्त वेग आणि गाणं एकाच दिवसात मावतं, एवढं तिच्या मनात भर. मंगळवारी सातनंतर ती घरी असते. केळीच्या गाण्याचं दुसरं कडवं अर्धं आहे, ते ऐकव म्हण. आणि त्याला तुझा तो ताटावरचा ठेका लागतो का बघ. मला वाटतं लागतो. पहिल्यांदा ऐकल्यापासून वाटतंय.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? धाकट्याचा दहावीचा क्लास लांब आहे म्हणालास, मग सायकल घेऊन दे. पुण्यातलं घर भाड्याने देऊ नकोस, विचारलंस म्हणून सांगतो. सुन्याने पुन्हा नंबर बदललाय, वेगळा पाठवतो. डिसेंबरात ये, बामणोदची वांगी आली की शेतात भरीत पार्टी आहे, मामाने आत्ताच तुरीच्या काड्या बाजूला काढायच्या म्हणून सांगून ठेवलंय. काठ्या घेऊन ये. ऑक्टोपॅड इथेच असेल, पोरालाही बोलावतो, चारातून सातात कसं यायचं ते त्याला तू दाखव.

तुझा,
बाळ्या