आईच्या झोपेचं काय?

संपादक महोदय,

माझा ९ वर्षांचा नातू स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याचा भोंगा वाजला, तसा तो कान दाबून मातीत खालीच बसला. शेजारची बाई म्हणाली, "लाडावलंय पोरगं." सून काही बोलली नाही, पदराने त्याचे कान झाकून तशीच उभी राहिली. रात्री तो दोन-तीनदा उठतो. तिला सलग झोप मिळून किती वर्षं झाली! थेरपीला गेलं की सगळे मुलाचं विचारतात, तिचं कुणीच नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, 'निरामय' योजनेत १ लाखापर्यंत आरोग्य विमाही आहे. पण आईला दोन तास उसंत कोण देणार? महापालिकेने आठवड्यातून निदान एक दुपार ही मुलं सांभाळणारं केंद्र सुरू करावं, ही कळकळीची विनंती.

– एक आजी, जुळे सोलापूर