पावत्या जपून ठेवू नका!

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घर भाड्याने देणाऱ्यांनी कर कसा वाचवावा, हा कालच्या पुरवणीतला लेख वाचता वाचता माझा चहा गार झाला. रंगकाम, प्लंबर, पेस्ट कंट्रोल, एजंटचं कमिशन, इतकंच काय, हिरवळ कापण्याचा खर्चसुद्धा भाड्यातून वजा करा म्हणे. हिरवळ! पाथर्डी फाट्यावर चौथ्या मजल्यावरच्या वन बीएचकेला? सोबतचा फोटोही उतरत्या छपराच्या बंगल्याचा. मेलबर्नच्या भाच्याला लेख पाठवला, तर म्हणतो, "मामा, हे सगळं इकडचं आहे." तिकडे असेल बापडं.

इतक्या ठामपणे लिहितोय, कारण मी एकदा तोंडघशी पडलोय. २०२३ च्या पावसाळ्यात भाडेकरूच्या बेडरूममध्ये छतातून पाणी ठिबकायला लागलं. गच्ची सोसायटीची, पण कमिटीने हात वर केले. (गणपतीची वर्गणी मागायला मात्र न चुकता दोघं-तिघं येतात.) वॉटरप्रूफिंगचे ३८,५०० आणि रंगाचे १६,००० मीच मोजले. वर्षभराचा मेंटेनन्स १८,०००. सगळ्या पावत्या तारीखवार लावून साडीच्या दुकानाच्या पिशवीत घातल्या आणि जुलैत सीएंकडे गेलो. त्यांनी पिशवीत डोकावलंही नाही. "काका, घरपट्टीची पावती तेवढी द्या. बाकीची पिशवी घरी न्या."

हिशेब असा. भाडं महिना १२,०००, म्हणजे वर्षाचे १,४४,०००. घरपट्टी ४,००० गेली, उरले १,४०,०००. त्याचे सरसकट ३० टक्के, म्हणजे ४२,००० वजा, आणि ९८,००० करपात्र. खर्च ७२,५०० झाला काय न् शून्य झाला काय, ३० टक्के ते ३० टक्केच. माझ्या शेजाऱ्यांनी भाड्याच्या घरातला गळका नळ दोन वर्षांत बदललेला नाही; त्यांनाही तितकेच! घरपट्टीसुद्धा मालकाने स्वतःच्या खिशातून आणि त्याच आर्थिक वर्षात भरली असेल तरच धरतात. मार्चऐवजी एप्रिलमध्ये भरली तर ती वजावट पुढच्या वर्षात. गृहकर्जाचं व्याज वेगळं वजा होतं खरं, पण माझं कर्ज २०१७ लाच फिटलं. म्हणजे कर्ज लवकर फेडलं हीच चूक म्हणायची!

लेखकमहाशय विद्वान असतील, पण छापण्याआधी नाशिकच्या एखाद्या सीएला दाखवायला काय हरकत होती? चार पेन्शनर तुमचं वाचून पावत्या गोळा करत बसतील.

माझी पिशवी अजून माळ्यावर आहे. लेखकांना हवी असल्यास आणून देईन. फक्त आपल्या कार्यालयात दुपारी कुणी भेटतं का, तेवढं कळवावं. शब्दकोड्याचं बक्षीस घ्यायला आलो होतो, तेव्हा जेवणाची सुट्टी आहे म्हणून दोनदा परत पाठवलं होतं. ते बक्षीस अजून मिळायचंय.

आपला,
एक घरमालक, इंदिरानगर, नाशिक