दुभाजकावर तरवड लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी ११ वर्षं सोलापुरात पाण्याचा टँकर चालवतो. ठेकेदाराकडे कामाला आहे, म्हणून माझं नाव छापू नये ही विनंती. नाव-पत्ता वेगळ्या कागदावर सोबत दिला आहे. शेवटची ६ वर्षं माझा टँकर रस्त्याच्या दुभाजकातल्या झाडांना पाणी घालतो. पावसाळ्यात रोपं लावायची म्हणजे कुठली लावायची, किती लावायची हे कागदावर उन्हाळ्यातच ठरतं. एकदा ते ठरलं की वर्षभर कोणी ऐकत नाही. म्हणून पत्र आत्ताच लिहितोय.

पहाटे ५ ला बोअरवर टँकर भरतो, ५ हजार लिटरचा. पुढे मी आणि मागे पाइप धरायला एक पोरगा. पहिल्या गिअरमध्ये दुभाजकाला चिकटून गाडी चालवायची, पोरगा पाणी सोडत येतो. दोन फेऱ्या होईपर्यंत ऊन चढतं. दुभाजकात आहे काय, तर ड्युरंटा, अकलिफा अशी शोभेची झुडपं, कुठे रॉयल पाम, चौकात लॉन. मे महिन्यात सोलापूर ४३-४४ अंशांवर जातं. त्या दिवसांत माझी एक फेरी चुकली की ड्युरंटा मान टाकतो, तीन फेऱ्या चुकल्या की काडी हातात येते. मग तिथेच पुन्हा नवीन ड्युरंटा लावतात. एकाच खड्ड्यात तीन-तीन वेळा रोप लावलेलं मी बघितलंय.

आमच्या घरी नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. सोलापूरच्या माणसाला हे नवीन सांगायला नको. शंभरावर किलोमीटरवरच्या उजनीचं पाणी आपण पितो, ते येईपर्यंत बॅरल, हंडे, बादल्या भरून ठेवतो. हद्दवाढ भागात तर अजून टँकरची वाट बघतात. मागच्या वैशाखात चौकात सिग्नलला थांबलो होतो. एक म्हातारी रिकामी घागर घेऊन गाडीजवळ आली. म्हणाली, "बाळा, एवढी एक भरून दे की, वापरायला." पाणी बोअरचं होतं, पिण्याचं नव्हतं. मी घागर भरून दिली. पण आपण हे पाणी कुठं नेऊन ओततोय, हा प्रश्न त्या दिवशी मनात बसला तो बसलाच.

त्यानंतर महिनाभरात अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला एक प्रकार बघितला. दुभाजकाच्या दोन काँक्रीट ठोकळ्यांच्या फटीत एक तरवड आपणहून उगवला होता. कमरेएवढा. मी त्याला कधी पाणी घातलं नव्हतं, कारण तो आमच्या यादीत नव्हता. शेजारचा ड्युरंटा वाळून खडखडीत, आणि याला चिंचेसारखी बारीक हिरवीगार पानं, शेंड्याला पिवळ्या फुलांचे झुबके. मजूर साफसफाईला आले आणि त्यांनी गवताबरोबर त्यालाही उपटायला घेतलं. दोघांनी जोर लावला, मूळ निघेना. शेवटी खुरप्याने जमिनीलगत तोडला आणि तिथं ड्युरंटाचं रोप लावलं. त्या रोपाला मीच पाणी घातलं. ते महिन्यात गेलं. पहिले दोन पाऊस झाले तेव्हा गाडी हळू करून बघितलं, तर त्याच फटीतून तरवडाचे चार कोंब वर आले होते.

तरवड म्हणजे रानातलं झुडूप, शहरात शोभत नाही, असं एका सुपरवायझरनं मला सांगितलं होतं. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू बोलतो. आमच्याकडे तरवडाला तंगेडू म्हणतात. तेलंगणाचं ते राज्यफूल आहे. नवरात्राच्या सुमारास सोलापूरच्या पूर्व भागात बायका बतुकम्मा म्हणजे फुलांची देवी मांडतात, त्यात हे पिवळं फूल मानाचं. माझी आई पूर्वी घराजवळच्या माळावरून ओटीभर फुलं आणायची. आता त्या माळावर घरं झाली आणि बायकोला फुलं विकत आणावी लागतात. ज्या फुलाची आम्ही पूजा करतो, ते दुभाजकावर उगवलं की त्याला खुरपं लावतात, याचं मला वाईट वाटतं. दुभाजकावर तरवडाची रांग असेल तर पाऊस सरता-सरता तो रस्ता पिवळाधमक दिसेल. शोभा अजून कशाला म्हणायची?

शोभेपेक्षा त्याच्या गुणांचं मोल जास्त आहे. तरवडाला शेळी तोंड लावत नाही, म्हणून माळावर सगळं चरून झालं तरी तो उभा असतो. उंची माणसाएवढी, क्वचित थोडी जास्त. म्हणजे समोरच्या गाडीचा प्रकाश डोळ्यांवर येत नाही आणि विजेच्या तारांपर्यंतही जात नाही. वर्षातून एकदा छाटला की पुरे. मूळ खोल जातं, मुरमातही जातं. पूर्वी चामडं कमवायला त्याची साल वापरायचे, इतका तो आपल्या भागात मुबलक होता. नान्नजला माळढोक अभयारण्य आहे, त्या माळरानावर कोणी टँकर घेऊन जात नाही. तिथली झाडं-झुडपं आपल्याच पावसावर जगतात, वर्षाला सहाशे-सातशे मिलिमीटर, त्यातला बराचसा सप्टेंबरात पडतो. शहराची हवा, पाऊस आणि ऊन तेच आहे. मग झाडं परक्या मुलखातली कशाला?

एक गोष्ट मात्र शहरात वेगळी आहे, ती म्हणजे दुभाजकातली माती. रस्ता करताना उरलेला राडारोडा, सिमेंटचे गोळे, विटांचे तुकडे आत भरतात आणि वर वीतभर लाल माती पसरतात. पाइपचं पाणी जोरात लागलं की ती वीतभर मातीही वाहून रस्त्यावर येते, मुळं उघडी पडतात. हे मी रोज बघतो. राडारोडा काढून दोन-अडीच फूट खोल माती भरली, तर आहे त्या झाडांचंही पाणी निम्म्यावर येईल असं माझं मत आहे. आणि पाणी रोज थोडं-थोडं शिंपडू नये. वरची माती ओली राहिली की मुळं वरच राहतात. आठ-दहा दिवसांनी एकदा, पण सावकाश आणि भरपूर पाणी दिलं, तर ते खाली उतरतं आणि त्याच्यामागे मूळ उतरतं. हे मी ठेकेदाराला सांगितलं. तो म्हणाला, "फेऱ्यांचं बिल असतं, तू फेऱ्या मार."

तरवडाच्या जोडीला कण्हेर चालेल. तिलाही जनावर खात नाही आणि धुराचा त्रास कमी होतो. पण कण्हेरीच्या पानापासून चिकापर्यंत सगळंच विषारी, म्हणून शाळेसमोर आणि लहान मुलांच्या बागेत ती नको. बोगनवेल तर कमी पाण्यावर जास्त फुलते, जास्त पाणी घातलं की नुसता पाला वाढतो. तिला काटे आहेत आणि ती पसरते, म्हणून रुंद दुभाजकावरच लावावी. चौकाच्या कोपऱ्यात लॉनऐवजी कोरफड, अडुळसा, मेंदीचं कुंपण. मेंदी आपल्याकडे किती जुनी आणि किती काटक आहे ते बायाबापड्यांना विचारा.

आता रस्त्याच्या कडेची झाडं. दुभाजक बघायला असतो, कडेचं झाड माणसाला सावली द्यायला असतं. बसथांब्यावर उन्हात उभ्या असलेल्या बाईला रॉयल पामचा काय उपयोग? त्याची सावली तिच्या पदराएवढीही पडत नाही. तिथं कडुनिंब हवा, चिंच हवी, करंज हवा, आणि जागा मोकळी असेल तर वड-पिंपळ. माळाच्या कडेला हिवर आणि बाभळीला बंदी कशाला? आपट्याला तर दसऱ्याला ओरबाडतो, पण लावत कोणी नाही. बहावा चैत्र-वैशाखात फुलतो, आपण उन्हाने हैराण असतो तेव्हा. गुलमोहर दिसतो छान, पण त्याची मुळं उथळ आणि फांदी ठिसूळ. वळवाच्या वाऱ्यात रस्त्यावर आडवी पडलेली झाडं बघा, त्यात गुलमोहर हमखास असतो. माझ्या टँकरच्या टपावर एकदा त्याची फांदी पडली, काच फुटली. पोरगा मागे पाइपजवळ होता म्हणून वाचला.

आणखी एक झाड हल्ली फार लावतात, कोनोकार्पस. लवकर वाढतं, कायम हिरवं, म्हणून सगळ्यांना आवडतं. गुजरात सरकारने २०२३ मध्ये ते लावायला मनाई केली. परागकणांमुळे लोकांना त्रास होतो आणि मुळं जमिनीखालच्या पाण्याच्या, ड्रेनेजच्या लाइनींत शिरतात, ही कारणं दिली होती. ज्या शहरात पाइपलाइन फुटली की आठवडाभर पाण्याचं वेळापत्रक कोलमडतं, त्या शहराने असलं झाड स्वतःहून आणून लावू नये.

कडुनिंबाबद्दल मला फार माया आहे. उगादीच्या पचडीत आम्ही त्याची फुलं घालतो, तुम्ही पाडव्याला पाला खाता. तरीही सगळीकडे नुसता कडुनिंब लावू नका. अलीकडच्या वर्षांत शेजारच्या तेलंगणात कडुनिंबाचे शेंडे वाळण्याचा रोग मोठ्या प्रमाणात पसरला होता, झाडंच्या झाडं तपकिरी दिसायची. एका रस्त्यावर चार-पाच जातींची झाडं मिसळून लावली, तर रोग आला तरी अख्खा रस्ता उघडा पडणार नाही.

रोप कसं घ्यावं याबद्दलही बोलायला हवं. कागदावर असतं ८ फूट, १० फूट उंचीचं झाड. उद्घाटनाच्या फोटोत ते मोठं दिसतं. असं एक झाड लावताना मी पिशवी फाडून बघितली. माझे वडील यंत्रमागावर होते, कांड्या बघत मी लहानाचा मोठा झालो. कांडीवर सूत गुंडाळावं तशी त्या झाडाची मुळं पिशवीत गोल गोल गुंडाळलेली होती. ती मुळं जमिनीत सरळ जाणार कशी? असं झाड टँकर आहे तोवर उभं राहतं, पुढे वाऱ्याला कलतं. त्यापेक्षा दोन-अडीच फुटांचं, एक-दीड वर्षाचं रोप स्वस्त पडतं, लवकर रुजतं आणि तीन-चार वर्षांत त्या मोठ्या झाडाला गाठतं. त्याला पहिले दोन, फार तर तीन उन्हाळे पाणी द्यावं लागेल. ते मी आनंदाने देईन. पण तिसऱ्या उन्हाळ्यानंतर त्याला माझी गरज पडता कामा नये, अशी अटच कागदावर असावी. किती रोपं लावली त्यापेक्षा तीन वर्षांनी किती जगली यावर बिल निघावं.

जगलेल्या झाडांचं आपण काय करतो तेही सांगतो. मी राहतो त्या भागात एक कडुनिंब आहे, वीसेक वर्षांचा असेल. लहानपणी त्याला लोखंडी जाळी लावली, ती काढायची कोणाला आठवण राहिली नाही. आता जाळीची सळई बुंध्यात चार बोटं आत गेली आहे, वर सालीची जाड गाठ आली आहे. त्यात मागच्या वर्षी पेव्हिंग ब्लॉक बसवताना बुंध्याला चिकटवून सिमेंट ओतलं. पावसाचा थेंब आत जायला जागा नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच दिल्लीतल्या झाडांसाठी बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. आपल्या राज्यात तर १९७५ पासून शहरातल्या झाडांच्या जतनाचा कायदा आहे, झाडं मोजायलाही त्यात सांगितलं आहे. झाड मोजायला जो माणूस येईल, त्याच्या हातात जाळी कापायची कटर आणि ब्लॉक उचकटायची पहारही द्या, एवढंच माझं मागणं आहे.

माझ्या फेऱ्या कमी झाल्या तर माझं काम जाईल, असं घरात म्हणतात. मला तसं वाटत नाही. या शहरात टँकरला काम कधी कमी पडलेलं नाही. तोच टँकर हद्दवाढ भागात जाऊ दे, बोअरच्या जागी पिण्याचं पाणी घेऊन.

ज्यांना हे ठरवायचं आहे त्यांना बी कुठून आणायचं हा प्रश्न पडू नये म्हणून सांगतो. या हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी मी आणि बायकोने माळावरून तरवडाच्या वाळलेल्या शेंगा गोळा केल्या. चपट्या, तपकिरी शेंगा असतात, हातात चोळल्या की बी निघतं. बी टणक असतं, रात्रभर कोमट पाण्यात भिजवलं की उगवण चांगली होते. आमच्याकडे दोन पिशव्या साठल्या आहेत. महापालिकेने, एखाद्या शाळेने, वसाहतीने कोणीही मागितलं तरी पैसे न घेता देईन. तुमच्या कार्यालयात कोणी चौकशी केली, तर माझा पत्ता त्यांना जरूर द्यावा. मृगाच्या आत बी पिशवीत पडायला हवं.

आपला,
एक टँकरचालक आणि रोजचा वाचक
अशोक चौक परिसर, सोलापूर