पावसाळ्यात फोनचा चार्जिंग पोर्ट जपा

संपादक महोदय,

किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत फोनच्या चार्जिंग पोर्टमध्ये ओल धरते. तशातच केबल लावली की पिना हिरवट पडून गंजतात आणि चार्जिंग अडकत अडकत होते. ओलाव्याची सूचना दिसली तर केबल लगेच काढावी, पोर्टचे तोंड खाली करून फोन तळहातावर हलके आपटावा आणि निदान अर्धा तास पंख्यासमोर ठेवावा. तांदळाच्या डब्यात मुळीच नको! कणी, पीठ आत जाते. हेअर ड्रायरही नको. फोनच्या ‘आयपी ६७’ या पाणीरोधक दर्जाची चाचणी गोड्या पाण्यातली, १ मीटर खोल, ३० मिनिटांची. मिरकरवाड्याच्या बंदरात लाटेचे पाणी फोनवर उडाले, तर तिच्यावर विसंबू नये. गोड्या पाण्याच्या ओलसर फडक्याने मीठ आधी पुसावे.

– एक वाचक, रत्नागिरी