प्रेसमधल्या काकांना, आईच्या वहीबद्दल

आदरणीय काका,
जय ख्रिस्त.

तुमच्यासमोर आभाराचा शब्द काढला की तुम्ही “आधी चहा टाक” म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. रागावलात तरी चालेल.

आईच्या डोळ्यांचा पडदा खराब झालाय हे आपल्या चर्चच्या मंडळीत सगळ्यांना माहीत होतं. उपासनेत आजाऱ्यांच्या यादीत तिचं नाव घेतलं गेलं, ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. नाताळात समितीची माणसं केक घेऊन आली, पलंगाभोवती उभं राहून फोटो काढला, घाईघाईत प्रार्थना उरकली आणि पुढच्या घरी गेली. आम्ही केक कापायच्या आत फोटो ग्रुपवर. “काही लागलं तर सांगा” असं म्हणाले, तर मी सांगितलंही, की अधूनमधून कुणी येऊन आईबरोबर वचन वाचत बसलं तर बरं होईल. त्यावर एक जण म्हणाले, “आता मोबाईलवर सगळं ऐकता येतं की!” आणि लगेच नव्या साऊंड सिस्टीमचं कोटेशन निघालं. शिष्यत्वावर तीन-तीन दिवसांची शिबिरं घेणारी माणसं आहेत ही. असो.

आईला ऐकायचं नव्हतंच. तिला वाचायचं होतं. ओळीखाली बोट धरून, पुटपुटत, मनाला लागलं तिथे थांबत. मोबाईलमधला माणूस तिच्यासाठी थांबत नाही.

तुम्ही आम्हाला काहीच विचारलं नाहीत. एका संध्याकाळी स्कूटर लावलीत आणि पिशवीतून जाड कागदाची वही काढलीत. काळ्या मार्करने लिहिलेली स्तोत्रं. पानावर जेमतेम चार ओळी, अक्षर अंगठ्याच्या नखाएवढं, शिरोरेषा पट्टी लावून मारलेल्या. वचनांचे आकडे लाल. ओळीच्या शेवटी एकही शब्द तोडलेला नाही आणि शाई मागे उमटू नये म्हणून मागचं पान कोरं. प्रेसमध्ये जन्म गेलेल्या माणसाला कागद कळणारच म्हणा.

पण मी कायम लक्षात ठेवीन ती गोष्ट पुढची आहे. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाचं पान वाचताना आई अडखळत होती. ‘धन्य’चा ‘ध’ तिला ‘घ’ दिसायचा, आणि त्या पानावर तर ओळीओळीला ‘धन्य’. ‘भ’ आणि ‘म’चंही तेच. ती चिडली, वही मिटून ठेवली. तुम्ही शेजारी बसून नुसतं बघत होतात, बोलला काहीच नाहीत. पुढच्या खेपेला आलात ते पानं नव्याने लिहूनच. प्रत्येक ‘ध’ची आणि ‘भ’ची वरची फट मोठी, लांबूनही दिसेल अशी. जुन्या पानांवर नवी पानं कडेने चिकटवलेली. आईने एका दमात पान वाचलं आणि माझ्याकडे असं काही बघितलं की जणू मीच तिला इतके दिवस अडवत होते!

एका म्हातारीचं बोट कुठे अडतं, हे बघायला कुठली समिती नेमावी लागते?

नोटेवर गव्हर्नरांची सही सगळ्यांना दिसते, नाशिकरोडला ती नोट छापणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. तुम्ही सगळी नोकरी तशीच केलीत, आणि मंडळीतही तेच चाललंय. उपासनेआधी बाकं पुसणं, गीतांच्या आकड्यांची पाटी लावणं तुमच्याकडे. प्रभुभोजनाचे पेले धुऊन ठेवणाऱ्या मावशी तुमच्याच जातकुळीतल्या. बायबलातलं रोमकरांस पत्र पौलाचं म्हणून आपण वाचतो, पण लिहून घेणारा हात तर्तियचा. सोळाव्या अध्यायात तो जेमतेम एका ओळीत सलाम सांगतो आणि गप्प होतो.

आपल्या नाशिकच्या शरणपूरचंच घ्या. नाव निघतं ते मिशनरी साहेबांचं. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकली, हेच मुळात किती जणांना ठाऊक आहे? त्यांतला जेकब वेनराइट 1873 मध्ये आफ्रिकेत संशोधक-मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा तिथे होता. त्यांचं हृदय तिथेच पुरलं तेव्हा दफनाची प्रार्थना त्याने वाचली, झाडाच्या खोडावर त्यांचं नाव कोरलं. मग तो आणि त्याचे सोबती तो देह महिनोन्‌महिने वाहून समुद्रापर्यंत घेऊन गेले. 1874 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं, तेव्हाही शवपेटीला त्याचा खांदा होता. लिव्हिंग्स्टनचं नाव शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. नाशिककरांना निदान जेकबचं तरी माहीत असावं, नाही का?

मला स्वतःला देवाधर्माची ओढ बेताचीच, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही त्यावरून कधी मला टोकलं नाहीत, पत्रकं दिली नाहीत. पण हल्ली आईचं वाचन चालू असताना मी शेजारी बसते. तुम्हाला कळवून ठेवते, एवढंच.

वही संपत आलीय. आईचं म्हणणं, पुढच्या वहीत स्तोत्र 103 सगळ्यात आधी घ्या आणि लाल आकडे थोडे ठळक काढा. मार्कर आणि कागदाचे पैसे या वेळी माझे, त्यावर वाद नको. रविवारी उपासनेनंतर काकूंना घेऊन जेवायला या. मटण सांगून ठेवलंय, तेव्हा नाही म्हणायची सोय नाही.

तुमची,
वहीवाल्या बाईंची मुलगी