रोखे सुरक्षित, बँक बुडाली

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

कंपनीला मिळालेली सगळी गुंतवणूक एकाच बँकेत ठेवल्याचे तू परवा फोनवर सहज सांगितलेस, तेव्हा मी गप्प राहिलो, पण बँकेच्या ट्रेझरीत, म्हणजे गुंतवणूक सांभाळणाऱ्या विभागात, रोख्यांचे भाव पाहण्यात हयात गेलेल्या मला लगेच आठवली ती २०२३ च्या मार्चमधली कॅलिफोर्नियातील सिलिकॉन व्हॅली बँक (एसव्हीबी).

त्या बँकेने जुगार खेळला असे तुला वाटत असेल, तर तसे मुळीच नव्हते. २०१९ अखेर साधारण ६२ अब्ज डॉलर असलेल्या तिच्या ठेवी स्टार्टअपांकडे आलेल्या भांडवलाच्या पुरामुळे दोन वर्षांत १८९ अब्जांवर गेल्या, आणि एवढ्या पैशाला कर्जदार मिळेनात म्हणून त्यातला मोठा भाग दीर्घ मुदतीच्या सरकारी हमीच्या रोख्यांत गेला. हे रोखे बुडणारे नव्हतेच. पण दीड-दोन टक्के देणारा रोखा, बाजारातला दर साडेचारवर गेल्यावर, पूर्ण किमतीला कोण घेणार? मुदत संपेपर्यंत थांबता आले असते तर मुद्दल सुखरूप परत आले असते. थांबता मात्र आले नाही, कारण नवी गुंतवणूक आटलेल्या कंपन्या पगारासाठी ठेवी काढत होत्या. ८ मार्चला बँकेने २१ अब्जांचे रोखे विकून १.८ अब्जांचा तोटा जाहीर केला, दुसऱ्या दिवशी ४२ अब्ज बाहेर गेले आणि १० मार्चला बँक सरकारी ताब्यात गेली.

ठेवीदार सारे एकाच आळीतले, त्याच गुंतवणूकदारांचा सल्ला ऐकणारे. शिवाय नव्वद टक्क्यांहून अधिक ठेवी अडीच लाख डॉलरच्या ठेव विमा मर्यादेबाहेरच्या. सरकारने रविवारी सर्वांना पूर्ण पैसे देण्याचे जाहीर केले म्हणून निभावले. (इकडे नामसाधर्म्यामुळे मुंबईच्या एसव्हीसी सहकारी बँकेला आपला त्या बँकेशी संबंध नसल्याचा खुलासा करावा लागला होता, माझी मावशीही पासबुक घेऊन दारात उभी!)

आपल्याकडे विमा पाच लाखांचा, म्हणजे तुझ्या कंपनीच्या एका महिन्याच्या पगारांनाही न पुरणारा. तेव्हा चार महिन्यांचे पगार, जीएसटी आणि टीडीएस भागेल एवढी रक्कम दुसऱ्या बँकेत ठेव आणि उरलेल्यातील काही ९१ दिवसांच्या ट्रेझरी बिलांत, म्हणजे सरकारच्या अल्पमुदतीच्या रोख्यांत, घाल. एक मात्र आधी तपास: सर्व खाती आपल्याकडेच ठेवण्याची अट ती अमेरिकन बँक अनेक कर्जदारांना घालत असे. तुझ्या कर्जकरारात तसे कलम असेल, तर माझा हा सल्ला कागदावरच राहील. कराराची प्रत पाठव, रविवारी निवांत वाचतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
जुना बाकमित्र